मापेकाकांचं कोपर

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचं आयुष्य तसं निर्धोक असतं. मापेकाकांचंही होतं. दुकानदारांचे तराजू तपासण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, म्हणून बिल्डिंगमधल्या लहानथोरांनी त्यांचं 'मापेकाका' करून टाकलं होतं. वरवर ते कुरकुरायचे, पण मनातून त्यांना हे नाव आवडायचं. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचायचा, घरात आलेली साबणाची वडीसुद्धा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघायची, आणि कमी भरली तर कंपनीला फोन करायचा. कंपनी दाद देत नसे. पण काकांचा दिवस चांगला जायचा.

अशाच एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत काकू म्हणाल्या, "मी देश पार करायचं म्हणतेय. धावत."

पेपर खाली न घेता काकांनी विचारलं, "कुठून कुठपर्यंत?"

इथेच ते फसले. अशा वेळी नवऱ्याने 'कशाला?' असं विचारायचं असतं. 'कुठून कुठपर्यंत?' असं विचारलं की अर्धी परवानगी दिल्यासारखंच होतं. पण माप म्हटलं की आधी दोन टोकं ठरली पाहिजेत, ही खात्याची शिकवण त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

"डोंगराकडच्या हद्दीपासून समुद्रापर्यंत," काकू म्हणाल्या. काकू इस्पितळात सिस्टर होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. "अहो, सगळी नोकरी मी वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि मागे फिरले. गेले आणि मागे फिरले. एकदा तरी मला सरळ निघायचंय, आणि मधे कुठेही मागे फिरायचं नाही. एवढंच करायचंय मला."

"एवढंच?"

"आणि तुम्ही गाडी घेऊन मागून यायचं."

काकू रोज पहाटे धावायला जातात हे काकांना ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी तो दूध आणायला जायचा जरा लांबचा रस्ता होता. त्या रस्त्याला समुद्र लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बातमी बिल्डिंगभर व्हायला फारसा वेळ लागला नाही, कारण लिफ्ट बंद होती आणि सगळे जिन्यातच भेटायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी, धावताना दात आवळू नका, पायांपेक्षा दाढाच आधी जातात, असं बजावलं. खालच्या शिंपीमामांनी धावायची विजार शिवून दिली आणि तिला एवढे खिसे ठेवले की काकू धावायला लागल्या की त्यांच्या आधी खिसेच पुढे जायचे. वरच्या आजींनी मात्र काकूंना काहीच सांगितलं नाही. त्यांनी काकांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आणि तुम्ही नाही का हो धावणार?"

हा प्रश्न पुढे काकांना जागोजागी विचारण्यात आला. पहिल्यांदा त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. नंतर नंतर तर ते आपण होऊन गुडघा दाबत उभे राहायचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र कहर केला. जिन्यात, सगळ्यांच्या देखत, ते म्हणाले, "मापेसाहेब, पैज नको, पण आठवड्याच्या आत वहिनी घरी परत. लिहून घ्या."

"लिहून कशाला घ्यायचं?" काका एकदम तापले. "समुद्रात पाय बुडवल्याशिवाय ती मागे फिरणार नाही! आणि शेवटपर्यंत मी तिच्या मागे असेन!"

टाळ्या पडल्या. काकूंनी चमकून नवऱ्याकडे बघितलं. काका स्वतःही जरा चमकलेच होते. खरं सांगायचं तर सेक्रेटरींचा अंदाज त्यांना मनातून पटला होता. जाताना त्यांनी दूध बंद केलं, गॅस बंद केला, पण पेपर चालूच ठेवला. थोड्या दिवसांसाठी कुठे पेपरवाल्याला त्रास द्यायचा, असं ते स्वतःशी म्हणाले आणि सेक्रेटरींना तो दारातून उचलून ठेवायला सांगितलं.

गाडीचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. महामार्गावर माणसाच्या धावण्याच्या वेगाने गाडी न्यायची तर परवाना लागतो, असं कळलं. परवाना कचेरीतल्या क्लार्कने चष्मा कपाळावर चढवून नियम सांगितला. "इतकं हळू जायची परवानगी फक्त तिघांना. मिरवणूक, अंत्ययात्रा आणि रोडरोलर."

"आमच्यात यातलं काहीच नाही."

"बाई पुढे, तुम्ही मागे. म्हणजे मिरवणूक म्हणता आली असती. पण मिरवणुकीला घोळका लागतो. अंत्ययात्रेचं म्हणाल तर..." क्लार्कने काकांकडे अंदाज घेतल्यासारखं बघितलं.

"रोडरोलर," काका घाईघाईने म्हणाले.

अशा रीतीने त्यांची चिमुकली गाडी सरकारदरबारी रोडरोलर म्हणून नोंदली गेली आणि नियमाप्रमाणे तिच्या पाठीवर 'रस्त्याचे काम चालू आहे' असा पिवळा बोर्ड लागला.

निघायच्या दिवशी डोंगराकडच्या हद्दीवर तिथल्या पेपरचा फोटोग्राफर आला होता. काकू धावायच्या पवित्र्यात, मागे गाडी, आणि गाडीला टेकून, छाती पुढे काढून काका, असा फोटो त्याने घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात काकू होत्या, गाडी होती, आणि चौकटीच्या अगदी कडेला काकांचं कोपर होतं. खाली लिहिलं होतं, 'धाडसी निवृत्त परिचारिका व त्यांचे वाहन.' काकांनी तो फोटो बराच वेळ बघितला. कोपर त्यांचंच होतं यात शंका नव्हती, कारण शर्ट त्यांचा होता.

मग सुरू झाला तो रस्ता. काकू पुढे, खिसे हलताहेत. मागून काका पहिल्या गियरमध्ये, अर्धा क्लच दाबून. ज्याने कधी गाडी चालवली आहे तो हे वाक्य वाचूनच क्लचवरचा पाय उचलेल. रोज संध्याकाळी क्लचचा करपलेला वास यायचा आणि काका खिडकीतून बाहेर नाक काढून, हा कुठल्या तरी कारखान्याचा वास असावा, असं म्हणायचे. बोर्डामुळे वेगळाच ताप झाला. ट्रकवाले थांबून काम कधी संपणार म्हणून विचारायचे. एका गावात लोकांनी त्यांना घेरलं आणि आमच्या खड्ड्याचं काय झालं असा जाब विचारला. काकांनी जुन्या सरकारी सवयीने 'बघू, वरती कळवतो' असं सांगून सुटका करून घेतली. एका ढाब्यावर मालकाने काकूंची मोठी विचारपूस केली, त्यांना पंख्याखाली बसवलं, आणि काकांना सांगितलं, "ड्रायव्हर लोकांची सोय तिकडे मागच्या बाजूला आहे." काकूंना हसू आवरेना.

पण एका बाबतीत त्यांचा अधिकार चालायचा. संध्याकाळी काकू जिथे थांबतील तिथे, त्यांच्या बुटाच्या टोकाला, काका ब्रशने रस्त्याच्या कडेला पिवळी रेघ मारायचे. मग गाडीने जवळच्या लॉजवर मुक्काम. सकाळी परत त्या जागी यायचं आणि काकूंनी रेघेला पाय लावूनच निघायचं. एकदा काकूंचा पाय रेघेच्या पुढे पडला.

"मागे घे," काका म्हणाले.

"अहो, वीतभर तर आहे!"

"वीतभर कमी म्हणजे कमीच. मी दुकानं बंद केली आहेत एवढ्यासाठी."

काकूंनी पाय मागे घेतला. पण दिवसभर मधूनच त्या एकट्याच हसत होत्या.

आठवडा उलटला. काकू थकतील, मग आपण गाडी वळवू, हा काकांचा हिशेब रोज एक दिवस पुढे ढकलला जात होता. घरच्या खुर्चीची त्यांना फार आठवण यायची. पण दुसरंही काही तरी व्हायला लागलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोची पाठ इतका वेळ त्यांनी कधी बघितली नव्हती. ती थकली की डावा खांदा जरा खाली येतो, चढ लागला की ती मान खाली घालते, उतार लागला की हात मोकळे सोडते, हे सगळं त्यांना कळायला लागलं. डावा खांदा खाली आला की ते हॉर्न वाजवून थांबायचे आणि पाण्याची बाटली काढून द्यायचे. "तुम्हाला कसं कळतं हो?" काकू विचारायच्या. काका सांगायचे नाहीत. त्यांना बायकोचा अभिमान वाटायला लागला होता, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते चांगलेच दचकले.

अर्ध्याहून जास्त देश मागे पडला आणि नदी आली. नदीवर लांबलचक पूल होता. पुलाच्या तोंडाशी चौकी, चौकीत गार्ड.

"पायी जायला मनाई आहे," गार्ड म्हणाला. "फक्त वाहनं."

"मी चालत नाही, धावते," काकू म्हणाल्या.

"धावायला तर त्याहून मनाई आहे."

काकांनी विनवण्या केल्या, आपल्या जुन्या हुद्द्याची ओळख सांगितली. गार्ड बधला नाही. जवळच्या टपरीवर माणसं जमली आणि सल्ले सुरू झाले. होडीने जा. पोहत जा. गाडीत बसून जा, कोण बघतंय? शेवटी काकांना खात्यातली युक्ती सुचली. ते उत्साहाने म्हणाले, "अगं, सोपं आहे. पुलाची लांबी मी मोजतो. तेवढंच अंतर तू इथे नदीकाठाने जाऊन येऊन धाव. मग गाडीतून पूल पार. माप बरोब्बर भरेल!"

काकू रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. "जाऊन येऊन," त्या हळूच म्हणाल्या. "वॉर्डसारखं."

काकांनी पुलाकडे केलेला हात खाली घेतला.

"मागे फिरायचं नाही, एवढी एकच गोष्ट मला हवी होती," काकू बूट सोडत म्हणाल्या. "नाही होत तर नाही होत. चला, घरी जाऊ."

निघाल्यापासून काका याच वाक्याची वाट बघत होते. गाडीत नकाशा होता, त्यावर परतीचा रस्ता त्यांनी पेन्सिलीने आखूनसुद्धा ठेवला होता. आणि आता ते वाक्य ऐकल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. ते तडक चौकीशेजारच्या फलकापाशी गेले. पुलाचे नियम बारीक अक्षरात लिहिलेले होते. असे फलक जगात कोणी वाचत नाही. काकांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि एका ठिकाणी त्यांचा एक डोळा आपोआप बारीक झाला. 'बंद पडलेले वाहन, चालकाने जागेवर बसून व सोबतच्या व्यक्तीने ढकलून, विनाविलंब पुलाबाहेर न्यावे.'

काका गाडीत बसले, गाडी पुलावर चार हात पुढे घेतली आणि किल्ली फिरवून काढून घेतली. "बंद पडली," ते जाहीरपणे म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाची पळवाट चालू दिली नव्हती. त्यामुळे हे बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

गार्ड धावत आला. "अहो साहेब, आत्ता तर चालत होती!"

"आता बंद पडली."

गार्डने काकांकडे बघितलं. मग दगडावर बसलेल्या, एक बूट हातात धरलेल्या काकूंकडे बघितलं. "पडली तर पडली," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पण नियमाप्रमाणे तुम्ही आत बसायचं. मी मदतीला येऊ शकत नाही. आणि कुठे बोलू नका, माझी नोकरी जाईल."

काकूंना सगळं कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी असा झपाट्याने बूट चढवला की लेस बांधायची राहिली.

पूल पार झाला. काकू ढकलताहेत, काका स्टिअरिंग धरून बसलेत. हँडब्रेक सुटला आहे ना, हे त्यांनी वाटेत पुन्हा पुन्हा तपासलं. मागच्या गाड्यांना पुढे जाऊ देण्यासाठी त्यांनी हात खिडकीबाहेर काढला होता. आरशात त्यांना काकूंचं लालबुंद तोंड दिसत होतं, आणि ते हसत होतं. एक मोटार शेजारून हळू झाली, कुणी तरी फोटो काढला. काकांनी सभ्यपणे मान हलवली.

तो फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला. कष्टाने वाकलेली धाडसी परिचारिका गाडी ढकलते आहे, आणि नवरा खिडकीत ऐसपैस कोपर टेकून आत बसला आहे. वरती मथळा, 'हाच का आधार?'

त्यानंतर काकांची जी शोभा झाली ती विचारू नका. पेट्रोलपंपावर एका बाईने त्यांना पेट्रोल द्यायला नकार दिला. लॉजच्या मॅनेजरने काकूंना चावी देताना हळूच विचारलं, "ताई, वेगळी खोली देऊ का?" गावोगावी बायका काकूंबरोबर थोडं थोडं अंतर धावायच्या आणि मागे वळून गाडीकडे जळजळीत बघायच्या. मुलीचा फोन आला. "बाबा, लाज नाही वाटली तुम्हाला?" आणि सगळ्यात शेवटी सेक्रेटरींचा. "मापेसाहेब, तुमचाच पेपर वाचतोय. फोटो छान आलाय."

"मी सांगते सगळ्यांना खरं काय ते," काकू चिडून म्हणाल्या.

"गार्डची नोकरी जाईल," काका म्हणाले. "राहू दे. तू धाव."

आणि ते खिडकीची काच वर करून, उकाड्यात घाम पुसत, मुकाट्याने मागून येत राहिले. कोपर त्यांनी पुन्हा बाहेर काढलं नाही.

समुद्राच्या गावी लोक जमले होते. अरुंद बाजारपेठेतून एकच रस्ता खाली किनाऱ्याला उतरत होता. पेठेच्या मध्यावर आल्यावर क्लच कायमचा गेला. कारखान्याचा वास चहूकडे पसरला. मागे बस अडली, बसच्या मागे आणखी बस. ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आला.

"गाडी बंद पडलीय," काका म्हणाले. या वेळी अगदी खरं सांगत असूनही त्यांचे कान लाल झाले. "बाजूला घेतो."

"बाजूला जागा नाही. मागे नेता येणार नाही, वन-वे आहे. पुढे न्या."

काका खाली उतरले. "तू जा," ते काकूंना म्हणाले. "समुद्र समोर दिसतोय. मी बघतो गाडीचं."

"शेवटपर्यंत मागे असेन म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. "जिन्यात. मी ऐकलंय. तुम्हाला सोडून मी एक पाऊलही टाकणार नाही."

बसचे हॉर्न वाजत होते. काकांनी गुडघ्याकडे बघितलं. मग ते गाडीच्या मागे गेले, पिवळ्या बोर्डाखाली दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. काकू बाजूने धावायला लागल्या, एक हात खिडकीतून आत, स्टिअरिंगवर.

पहिल्यांदा गाडी हलेना. मग हलली. मग उतार लागला.

"अहो, ही पळायला लागली!" काकू ओरडल्या.

"ब्रेक लाव!"

"ब्रेक आत आहे, मी बाहेर आहे!"

लोक दुतर्फा पांगले. गाडी धावत होती, गाडीबरोबर काकू धावत होत्या, आणि बंपर धरून, सोडायचं धैर्य होत नाही म्हणून, मापेकाका धावत होते. आपण धावतोय हे त्यांना कळलं तेव्हा अर्धा उतार संपला होता. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, कुणी तरी फोटो काढत होतं. गाडी वाळूत घुसली, चाकं रुतली आणि ती फुसकन थांबली. काका बोर्डावर आपटले आणि खाली बसले.

काकू थांबल्या नाहीत. त्या सरळ गेल्या, बुटांसकट पाण्यात शिरल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या. तिथे त्या बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांना ती पाठ चांगली ओळखीची झाली होती. डावा खांदा खाली आला होता.

"अगं," वाळूत बसूनच ते धापा टाकत ओरडले, "पुढे पाणी आहे! आता तरी मागे फिर!"

काकू मागे फिरल्या. वाळूने माखलेला, एक चप्पल हरवलेला, धापा टाकणारा नवरा त्यांनी डोळे भरून बघितला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसत होत्या. "तुम्ही धावलात!" त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही चक्क धावलात!"

परतीचा प्रवास रेल्वेने झाला. तो मोजायचा नाही असं दोघांचं ठरलं होतं. बिल्डिंगच्या नोटीस बोर्डवर सेक्रेटरींनी समुद्राकाठचा फोटो आधीच लावला होता. केस विस्कटलेल्या, तोंडभर हसणाऱ्या काकू धावताहेत, आणि त्यांच्या शेजारी एक गाडी कुणीही न चालवता आपोआप पळते आहे.

"वहिनी, मानलं तुम्हाला," सेक्रेटरी म्हणाले. "पण मापेसाहेब, तुम्ही शेवटपर्यंत मागे असणार होतात ना? यात तर कुठे दिसत नाही!"

"मागेच होते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर दिसत नाहीत."

आता तो फोटो मोठा करून काकांच्या खुर्चीच्या वर लावला आहे. पाहुणे येतात, काकूंचं कौतुक करतात. काका पेपर वाचत असतात. कौतुक पुरेसं झालं की ते पेपर खाली घेतात, उठतात, आणि फोटोत गाडीच्या मागच्या दिव्याशेजारी एक टोकदार ठिपका दिसतो त्यावर बोट ठेवतात.

"आणि हा मी," ते सांगतात. "धावतोय."